अन्सारचा वाटा

नाणेघाटाकडून धुकं वर चढलं की सयाजी हवालदाराच्या अंगणातला गोठा आधी दिसेनासा व्हायचा, मग हिरड्याचं झाड, आणि शेवटी अंगणाची कड. घाटघरच्या अलीकडच्या त्या वाडीत पावसाळा सरत आला तरी हे असंच चालायचं. वाडीतल्या बाकीच्यांना त्याचं काही वाटत नसे. भाताच्या खाचरात कमरेइतक्या धुक्यात उभं राहून बायका गप्पा मारायच्या, पोरं एकमेकांना हाका मारत शाळेत जायची. सयाजी मात्र ओट्यावर भिंतीला पाठ लावून बसायचा आणि त्या पांढऱ्याकडे बघत राहायचा. फौजेत असताना त्यानं असं पांढरं फार बघितलं होतं. तिथं ते थंड होतं आणि त्याच्याखाली माणसं होती.

त्याच्या बायकोला, इंद्रायणीला, एवढं ठाऊक होतं की त्या बर्फाखाली एक अन्सार होता. जुन्नरचा पोरगा. दोघं एकाच भरतीत घेतले गेले, एकाच पलटणीत गेले, ग्लेशियरवर एकाच तंबूत राहिले. एक दिवस बर्फाचा कडा सुटला, आणि खाली आला तो एकटा सयाजी. अन्सार सापडलाच नाही. याला आता वीसेक वर्षं झाली. सयाजी पेन्शनीत आला, डोक्याचे केस गेले, पोरगी स्नेहल लग्न होऊन नारायणगावला गेली, पण अन्सारचा वाटा काही चुकला नाही.

वाटा म्हणजे झाकणभर रम. फौजी कॅन्टीनच्या कार्डावर मिळालेली बाटली उघडली की पहिलं झाकण अन्सारचं. हिरड्याच्या बुंध्याशी एक सपाट दगड होता, त्यावर सयाजी ते ओतायचा, "घे भावा," म्हणायचा आणि मग स्वतःची सुरू करायचा. वाडीतले पिणारेसुद्धा बोट बुडवून दोन थेंब उडवतातच, त्यामुळे कुणाला नवल वाटलं नाही. इंद्रायणी रोज सकाळी अंगण झाडताना त्या दगडावरचा पाला काढायची. घरात एखादा जास्तीचा माणूस जेवायला असावा, तसा तो होता. बोलत नव्हता एवढंच.

यंदा भाताच्या लावणीत सयाजी खाचरात उभ्याउभ्या ताठ झाला आणि तोंडावर पडला. शेजारच्या भरतनं चिखलातून ओढून काढला म्हणून वाचला. तेव्हा कुठं तो जुन्नरला यायला तयार झाला. तिथं माजी सैनिकांच्या दवाखान्यात दर गुरुवारी दारू सोडवायची ओपीडी असते. डॉक्टरबाईंनी त्याचं पोट दाबून बघितलं, डोळे बघितले आणि पुण्याला वॉर्डात भरती व्हायला सांगितलं.

"वॉर्डात न्हाई जायाचा मी," सयाजी म्हणाला. "दार लागलं की मला दम लागतो."

"तिथं कुणी कोंडत नाही हो."

"तंबूचं दारबी कुणी लावलं नव्हतं बाई. बर्फानं लावलं."

डॉक्टरबाईंनी पुण्याची चिठ्ठी बाजूला सारली. मग म्हणाल्या, घरी करून बघू, पण माझ्या अटींवर. त्या अटी समजावून सांगायचं काम सुभाषचं होतं. सुभाष पेठ गावचा, नाईक म्हणून निवृत्त झालेला, एके काळी स्वतःच असा थरथरत त्या बाकावर बसलेला. आता तो या लोकांशी बोलायचं काम करायचा.

"वहिनी, आजपासून तुम्ही कंपनी कमांडर," तो म्हणाला. "हवालदार तुमच्या हाताखाली."

"पंचवीस वर्षं मी कुणाच्या हाताखाली काढली, ते इचारा की," इंद्रायणी म्हणाली.

"झालं फायरिंग सुरू," सयाजी पुटपुटला, आणि त्या सकाळी पहिल्यांदा तिघंही हसले.

मग सुभाषनं आवाज उतरवला. गोळ्या इंद्रायणीकडे राहतील, रोज थोड्या कमी होत जातील. पाणी भरपूर, जेवण वेळेवर. कॅन्टीनचं कार्ड सुभाषकडे जमा. घरात दारूचा थेंब नको. "घाम येईल, हात कापतील, झोप लागायची नाही, चिडतील. ते चालायचं. पण फीट आली, किंवा नसलेलं काही दिसायला लागलं, साप म्हणा, मुंग्या म्हणा, माणसं म्हणा, तर वाट बघायची नाही. सरळ गाडीत घालून इकडं. तशात माणूस जातो, वहिनी. मी बघितलेत. आणि मधेच प्यायले, तर घरची सोय बंद. मग पुणं."

परतीच्या एसटीत सयाजी खिडकीकडे तोंड करून बसला होता. आपटाळे मागं पडल्यावर तो हळूच म्हणाला, "इंद्रे, पुण्याला नको धाडू. तिथनं मी माघारी यायचा न्हाई."

"न्हाई धाडत," ती म्हणाली. हे वचन द्यायला सोपं होतं, कारण ते पाळणं आपल्या हातात आहे असं तिला वाटलं.

घरी आल्यावर तिनं बाटल्या गोठ्यामागच्या चरात ओतल्या. शेवटची बाटली हातात घेतली आणि थांबली. सोडणारे हे. अन्सारभाऊंना कुणी विचारलं? वीस वर्षं ज्याला रोज देत आलो, त्याचं आज एकदम बंद करायचं, ते कुठल्या तोंडानं? तिनं ती बाटली नाचणीच्या कणगीत खोल खुपसली आणि वर दाणे सारखे केले. सयाजीला पत्ता लागू दिला नाही.

पहिले दिवस सुभाष म्हणाला तसेच गेले. सयाजी पेला दोन्ही हातांनी धरायचा, तरी निम्मं पाणी सदऱ्यावर. भात समोर ठेवला की वासानंच उठून जायचा. बसलेला असताना त्याचे पाय चालत असायचे. इंद्रायणी गोळ्या मोजून द्यायची, गिळल्या का बघायला तोंड उघडायला लावायची, आणि तोही लहान पोरासारखा आ करायचा.

मग एका संध्याकाळी, दिव्यांच्या वेळेला, धुकं अंगणात उतरलं. ती चूल पेटवत होती.

"इंद्रे," तो ओट्यावरून म्हणाला. "आलाय त्यो."

"कोण?"

"अन्सार. हिरड्यापाशी हुबा हाय. हातात मग हाय त्येचा, इनॅमलचा."

ती दारात आली. तिला धुकं दिसलं, आणि धुक्यात बुंध्याची काळी रेघ. पण ती दचकली नाही. कुणी नवखा आला असता तर दचकली असती. हे तर घरचंच माणूस.

"काय म्हनत्यात?"

"काय न्हाई. नुसता मग पुढं धरलाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी सुभाषचा फोन आला, रोज यायचा तसा. "झोप?" "न्हाई." "फीट?" "न्हाई." "काही दिसतंय का त्यांना? किडे, माणसं, नसलेलं काही?"

"न्हाई," इंद्रायणी म्हणाली.

ती खोटं बोलली नव्हती. सुभाषनं नसलेल्याबद्दल विचारलं होतं. अन्सार कसा नसलेला? त्याचा दगड तिनं त्या सकाळीच झाडला होता.

त्या दिवशी सयाजीनं गोळ्या घेतल्या, पण अंग तव्यासारखं तापलं. दुपारपासून तो हिंदीत बोलायला लागला. कुणाला तरी दोर पकडायला सांगत होता, कुणाला तरी नाव घेऊन मोजत होता आणि एका नावापाशी मोजणं पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होता. संध्याकाळी पुन्हा धुकं आलं. सयाजी ओट्यावरून सरकत सरकत पार भिंतीला चिकटला.

"पायरीवर आलाय, इंद्रे. लई जवळ आलाय. बूट निघत न्हाईत त्येचे, बर्फ धरलाय."

"मग आत बोलवा की त्यांना."

"येड्यावानी करू नगंस! त्येचं झाकण ऱ्हायलंय. किती दिस झालं, न्हाई दिलं. म्हनून आलाय. त्येला दे. मला नगं, मला न्हाई प्यायची, तुझी आन. फकस्त त्येला."

त्याचे दात वाजत होते. डोळे पायरीवरून हलत नव्हते, आणि ते वर-खाली व्हायचे, उभ्या माणसाला नखशिखांत बघावं तसे. इंद्रायणीनं पायरीकडे बघितलं. आता पहिल्यांदा तिच्या मानेवर काटा आला. पायरी ओली होती. पण सगळंच ओलं होतं.

तिनं कणगीत खांद्यापर्यंत हात घातला. बाटली निघाली, तिच्यावर नाचणीचे दाणे चिकटलेले. ती अंगण ओलांडून हिरड्यापाशी गेली, झाकण भरलं आणि दगडावर ओतलं. त्या थंड हवेत वास एकदम उठला.

"घ्या भाऊ," ती म्हणाली. "आन् सोडा आता ह्यांना. माझा येवढाच मानूस हाय."

मागं काहीतरी ओढल्याचा आवाज झाला. ती वळली. सयाजी ओट्यावर नव्हता. तो गुडघ्यांवर आणि तळव्यांवर चिखलातून येत होता, आणि तिला बाजूला सारून तो दगडाशी पोचला, आणि त्यानं दगडाला तोंड लावलं.

इंद्रायणीनं आयुष्यात पुष्कळ बघितलं होतं. नवरा गटारात पडलेला बघितला होता, पोरीच्या साखरपुड्यात पाहुण्यांवर धावून गेलेला बघितला होता. पण शेवाळ धरलेला दगड चाटणारा माणूस तिनं बघितला नव्हता. त्याची जीभ दगडावर खरखर वाजत होती. तिनं हातातली बाटली बुंध्यावर फोडली आणि त्याला काखेत धरून मागं ओढला. तो रडत होता.

"त्येचंबी प्यालो मी! त्येचं व्हतं ते, इंद्रे, त्येचंबी मीच प्यालो!"

"ऱ्हाऊ द्या. ऱ्हाऊ द्या आता." तोंडाला आलं ते ती बोलली, जेवायला राहिलेल्या पाहुण्याबद्दल विचारावं तसं. "मी भरतला सांगून आनीन त्यांच्यापुरती. कशी लागायची त्यांना? पान्यातनं का कोरी?"

सयाजी रडता रडता थांबला. त्यानं तिच्याकडे असं बघितलं, जसं काही तिनं परक्या भाषेत प्रश्न विचारला होता.

"कुनाला?"

"अन्सारभाऊंना."

"त्यो कुठं पीत व्हता?" सयाजी म्हणाला. "त्यो शिवतबी नव्हता."

हिरड्यावरून पाणी टपटपत होतं. इंद्रायणी चिखलात बसली होती तशीच राहिली.

"मग ह्ये झाकन?"

त्यानं बाहीनं तोंड पुसलं. मग तुटक तुटक सांगू लागला. वर रमचा वाटा मिळायचा, थंडीसाठी. अन्सार त्याचा वाटा सयाजीला द्यायचा. आणि सयाजीच्या वाट्याचा गोड घट्ट दुधाचा डबा अन्सार घ्यायचा. तो त्या दुधाचा चहा करायचा, इनॅमलच्या मगात, आणि म्हणायचा, जुन्नरला आमच्या अम्मीच्या हातचा असाच असतो. तो गेला त्या दिवशी त्यानं रम दिली होती. सयाजीचा डबा अजून गोठलेला होता, झोपायच्या पिशवीत अंगाशी धरून सयाजी तो पातळ करत होता. संध्याकाळी देतो म्हणाला. संध्याकाळ झालीच नाही.

"म्हंजे त्यांनी मग धरलाय त्यो..."

"दुधासाठी," सयाजी म्हणाला, आणि त्यानं तोंडावर चिखलाचे हात घेतले.

वीस वर्षं. न पिणाऱ्या माणसाच्या नावानं रोज झाकण उघडलं, आणि तो तिथं रिकामा मग घेऊन उभा. इंद्रायणीला एकदम कळलं की तिनं काय केलंय. पायरीवर जो उभा होता तो अन्सार नव्हता. किंवा असलाच, तर त्याला ह्या घरातलं हे काही नको होतं. मागणारी दुसरीच होती, दारू, आणि ती अन्सारचं तोंड लावून आली होती.

तिनं सुभाषला फोन लावला. "भावजी," ती म्हणाली, "दिसतंय त्यांना. कालपासनं दिसतंय. आन् दारू गेली पोटात, माझ्याच हातनं."

भरतनं पिकअप काढली.

दवाखान्यात त्यांनी सयाजीला ठेवून घेतलं, सुया टोचल्या, सलाईन लावलं. खोलीचं दार सताड उघडं ठेवलं आणि ते लागू नये म्हणून सुभाष रात्रभर उंबऱ्यात खुर्ची टाकून बसला. सकाळी तो इंद्रायणीसाठी चहा घेऊन आला. ती व्हरांड्यात बसली होती.

"मी रोज विचारत होतो, वहिनी."

"तुमी नसलेलं इचारलं."

सुभाषला ते कळायला थोडा वेळ लागला. मग त्यानं मान हलवली. "चुकलं माझं. पुढच्यांना नीट विचारीन." त्याच्या बोलण्यात चेष्टा नव्हती.

"पुन्याला धाडनार का आता?"

"डॉक्टरबाई म्हणतात, दार उघडं ठेवून इथंच काढू चार दिवस. तुम्ही स्वतः फोन केलात म्हणून. लपवलं असतं तर गेले असते ते, वहिनी. पुण्याला नव्हे." रात्रभर त्यानं सयाजीच्या तोंडून एकच नाव ऐकलं होतं. तो म्हणाला, "अन्सारची आई आहे. जोहराबी. इथंच जुन्नरात. हवालदार कधी गेले नाहीत का?"

सयाजी एकदा गेला होता. कडा सुटला त्या सालच्या सुट्टीत. गल्लीच्या तोंडापर्यंत गेला, दारात बसून कोथिंबीर निवडणारी म्हातारी लांबून बघितली आणि माघारी फिरला. त्याच वाटेवर त्यानं पहिली बाटली विकत घेतली होती.

सलाईन सुटल्यावर सयाजी आणि इंद्रायणी तिच्याकडे गेले. वाटेत किराण्याच्या दुकानात सयाजीनं गोड दुधाचा डबा घेतला आणि दोन्ही हातांनी छातीशी धरला. जोहराबी आता त्या गल्लीत राहत नव्हती. जुनं घर पावसात बसलं होतं. ती ओढ्यापलीकडे पाण्याच्या टाकीमागे नातवाकडे राहायची. तिला कमी दिसायचं. सयाजीनं नाव सांगितलं, पलटण सांगितली, आणि पुढचं त्याला बोलवेना. इंद्रायणीनंच सगळं सांगितलं. दगडाचं नाही सांगितलं. इनॅमलच्या मगाचं सांगितलं.

म्हातारीनं डबा हातात घेऊन चाचपला. नातसुनेला फोडायला लावला, चहा ठेवायला लावला. चहा आला तेव्हा चार कप होते. चौथा तिनं आपल्या शेजारी चटईवर ठेवला.

"तुज्याकडं येतो तो?" तिनं विचारलं.

"येत व्हता, अम्मी."

"कसा दिसतो?"

"तसाच. तेव्हाचाच."

"माज्याकडं एकदाबी नाय आला." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. "कबर नाय, काय नाय. मी बोलते, येत नाय तर नाय. पन आता समजलं. जुनं घर पडलं ना, बेटा. त्याला ह्ये घर कुटं ठावं हाय?"

सयाजीनं कप खाली ठेवला.

"पुना आला की सांग त्याला," जोहराबी म्हणाली. "येवढं सांग. अम्मी इकडं राहते."

"अम्मी, आता गोळ्या हाईत. गोळ्यांनी त्यो... दिसत न्हाई."

जोहराबीनं तिचे पांढुरके डोळे त्याच्याकडे वळवले. "अच्छा हाय ते," ती म्हणाली. "तुला बरं वाटंल." आणि बराच वेळ गेल्यावर, उठताना: "पन आला तर."

घरी परतल्यावर गोळ्या कमी होत होत संपल्या. सयाजी भात खाऊ लागला. खाचराच्या बांधावर जाऊन बसू लागला. हात कापायचे, पण पेला एका हातात राहायचा. संध्याकाळी धुकं यायचं, तो ओट्यावर बसायचा आणि हिरड्याकडे बघायचा. कुणी येत नव्हतं. आधी तो बघायचा तेव्हा घाबरून बघायचा. आता वाट बघत होता, आणि इंद्रायणीला त्याचीच जास्त भीती वाटू लागली.

"एकदाच आला असता," तो एका संध्याकाळी म्हणाला, "तर सांगितलं असतं."

ती सुपातले तांदूळ पाखडत राहिली.

"निस्ता निरोप द्यायचा, इंद्रे. म्हातारीनं दिलेला निरोप हाय." मग, सहज विचारल्यासारखं: "कार्ड सुभाषकडंच हाय का?"

तिच्या हातातलं सूप थांबलं. अन्सार कुठल्या वाटेनं यायचा ते दोघांनाही माहीत होतं. आधी बाटली, मग बाटली बंद, मग थरथर, मग तो. माघारी जायची ती एकच वाट होती, आणि आता त्या वाटेच्या तोंडाशी एका आईचा निरोप होता.

ती आत गेली. चहा केला. स्नेहल भेटायला आली तेव्हा आणलेल्या डब्यातलं गोड दूध त्यात घातलं, घट्ट, चमचा उभा राहील असं. एक पेला सयाजीला दिला. दुसरा घेऊन ती अंगणात उतरली, दगडावर ठेवला आणि पदर सारखा करून धुक्यापुढे उभी राहिली.

"अन्सारभाऊ," ती मोठ्यानं म्हणाली. वाडीत ऐकू गेलं तर जाऊ दे. "मी इंद्रायनी. तुमचं दूध आनलंय. लई उशीर झाला, राग नगा धरू. आता नीट ऐका. तुमचं जुनं घर पडलं. अम्मी ओढ्यापलीकडं ऱ्हात्यात. पूल वलांडला की पान्याची टाकी लागंल. टाकीच्या मागं निळं दार..."

"निळं न्हाई," मागून आवाज आला.

सयाजी हातात पेला घेऊन पायरीवर उभा होता. चहा त्याच्या बोटांवरून सांडत होता. तो खाली उतरला, तिच्या शेजारी येऊन थांबला आणि धुक्यात, कुणीतरी बरंच लांब असावं अशा नजरेनं, बघत राहिला.

"हिरवं दार हाय, भावा," तो म्हणाला. "टाकी उजव्या अंगाला ठेवायची. पहिलं सोडायचं, दुसरं घर. उंबऱ्याला पत्रा मारलाय, पाय जपून. अम्मीला कमी दिसतं. नाव सांगून आत जा."

मग त्यानं तो रस्ता पुन्हा पहिल्यापासून सांगितला, पूल, टाकी, हिरवं दार, जसं नवख्या शिपायाला चौकीची वाट समजावून सांगतात तसं. धुक्यातून काही उत्तर आलं नाही. दगडावरच्या पेल्यातली वाफ आधी वाकडी जात होती, मग सरळ, मग दिसेनाशी झाली. सयाजी तिसऱ्यांदा सांगू लागला, तेव्हा इंद्रायणीनं त्याचा कापणारा हात पेल्यासकट धरला, आणि त्याच्याबरोबर तीही ती वाट म्हणू लागली.